मामांचं झुकतं माप

सलग पाच वर्षं शेवटून पहिला नंबर काढणाऱ्या संघाच्या मागे उभं राहायला अंगात चिवटपणा लागतो, आणि तो दक्षिणेकडच्या स्टँडमधल्या माणसांत भरपूर होता. बाकीचं शहर त्यांना खुळ्यात काढायचं. यांचं म्हणणं असं, की घरातलं माणूस आजारी पडलं म्हणून कुणी घराचा पत्ता बदलत नाही. बास्केटबॉलचा तो संघ आजारी होता खरा. पाच वर्षांत चार प्रशिक्षक झाले, दोन मॅनेजर झाले. जो येई तो आधी भिंतींना रंग काढी आणि मग पळ काढी.

चौदाव्या रांगेत कोपऱ्याच्या खुर्चीवर मामा बसायचे. सबंध स्टँडचेच ते मामा, कारण संघाचा कर्णधार त्यांचा सख्खा भाचा. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हा मामांनी तिला आणि पोराला आपल्या घरी आणलं, मागच्या भिंतीवर एक लोखंडी रिंग ठोकली आणि स्वतः लग्नाबिग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. कर्णधाराला कुणी नावानं हाकच मारत नसे. "भाच्या, टाक!" म्हणून दोन हजार माणसं एका सुरात ओरडत. तो भाचा आता चौतिशीला टेकला होता.

मामांचा जन्म जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेलेला. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात, म्हणून त्यांनी सामन्यांची वही सुरू केली. फलकावर नुसते गुण दिसतात. समोरच्यांनी बास्केट केली ती कुणाच्या चुकीनं झाली, हे मामा लिहीत. ज्याच्या हातून माणूस निसटला त्याच्या नावापुढे एक काडी, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, कसं घडलं त्याची. मध्यंतराला मामांच्या शेजारी बसणारा, औषधाचं दुकान चालवणारा केमिस्ट उभा राहून काड्या मोठ्यानं वाचून दाखवी, आणि ज्याच्या नावावर जास्त, त्याचा स्टँड यथेच्छ उद्धार करी. गेली तीन वर्षं तो मान बांबूकडे होता. बांबू म्हणजे संघातला सगळ्यात उंच खेळाडू, तेवीस वर्षांचा, काटकुळा आणि अबोल. मध्यंतरानंतर तो खाली मान घालून मैदानात यायचा.

या वर्षी नव्या मॅनेजरबाई आल्या. पन्नाशीच्या, एकेकाळच्या खेळाडू, उजव्या पायानं जराशा लंगडत चालायच्या. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, सगळं त्यांच्या हाती होतं. त्यांनी भिंतींना रंग काढला नाही. पहिल्याच आठवड्यात चाहत्यांना सरावाच्या हॉलमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "बोला."

माणसं पाच वर्षं तुंबलेली. केमिस्ट म्हणाला, "बाई, आम्हाला चषक नको. शेवटचा नंबर तेवढा नको." मग स्टँडमधल्या एक शिंपीणबाई उठल्या. "माझी नात संघाचा शर्ट घालून शाळेत जात नाही हो. पोरं हसतात. तो शर्ट मी माझ्या हातानं शिवलाय. तिनं तो घालावा, एवढं करा." असं म्हणून त्या खाली बसल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आणि आम्हाला परत मामा बनवू नका!" सगळे चौदाव्या रांगेच्या मामांकडे वळून हसले. मामाही हसले.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मी शब्द देणार नाही. दिलेले शब्द तुमच्याकडे भरपूर पडलेत. एक अडचण सांगते. बास्केटखाली उभं राहून बचाव करायला पुढच्या वर्षी मला एकच माणूस ठेवता येईल. तुमचा कर्णधार, नाहीतर तो उंच मुलगा. आधीच्या लोकांनी जुन्या सामन्यांच्या चित्रफिती ठेवल्याच नाहीत. तुम्ही तर दर सामन्याला होतात. तुम्ही काय पाहिलंत?"

इतकं उघड बोलणारं माणूस त्या हॉलनं पाहिलं नव्हतं. केमिस्ट उडालाच. "मामांची वही! बाई, त्यात सगळं आहे. कुणावर अन्याय नाही की कुणावर मेहेरबानी नाही."

"तीन वर्षांची स्वच्छ प्रत मिळेल? शनिवारी सकाळी?"

"मिळेल," मामा म्हणाले. त्यांची छाती चांगली दोन इंच फुगली होती. आपली वही वाचणारं कुणीतरी शेवटी भेटलं, आणि भाच्याची जागाही राहणार. घरी जाताना हे दोन्ही आनंद त्यांच्या मनात एकदमच चालत होते. त्यातला मोठा कुठला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीपाशी फळी मांडली, दौत उघडली. कचेरीतला नियम होता, की शाई चढवायच्या आधी पेन्सिलीची प्रत्येक रेघ परत तपासायची. मामांनी पहिली काडी तपासली आणि खालची ओळ वाचली. 'डावीकडचा आत घुसला, भाचा मागे राहिला, बांबू मदतीला धावला, पोचला नाही.' काडी बांबूच्या नावावर.

मामांनी चष्मा पुसला. त्यांचाच नियम साधा होता: निसटला ज्याच्या हातून, काडी त्याची. मदतीला धावणाऱ्याची नव्हे. पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली. पहिल्या वर्षी भाच्याचा गुडघा सुजला होता, तेव्हा मनात आलं होतं, आजच्या दिवस पोराला सांभाळून घेऊ. मग तो आजचा दिवस तीन वर्षं संपलाच नाही. दुपारपर्यंत मोजून झालं. बांबूच्या नावावर दोनशे बारा काड्या होत्या, त्यातल्या एकशे तीस भाच्याच्या होत्या.

मामांनी परत मोजल्या, तेवढ्याच निघाल्या. एक अक्षर खोटं नव्हतं, ओळ न् ओळ खरी होती. काडी तेवढी शेजारच्या घरात पडत गेली होती. हद्दीचा दगड सरकवणारी माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. एका दिवसात कुणी सरकवत नाही, दर वर्षी एक वीत. आणि विचारलं की प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, दगड होता तिथेच आहे.

"काय रे दादा, तोंड का उतरलं?" बहीण पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. मामांनी सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली.

"मग?" ती म्हणाली. "त्या बांबूचं वय काय, तेवीस. त्याला दुसरा संघ मिळेल. माझ्या पोराला या गुडघ्यांवर कोण उभं करणार?"

"तेच तर. गुडघे गेलेत त्याचे. म्हणूनच माणसं निसटतात."

"त्याला खेळाशिवाय काही येतं का? तू बापाच्या ठिकाणी आहेस त्याच्या. बाप असता तर त्यानं असे वाभाडे काढले असते पोराचे?"

"अगं, तो बांबूसुद्धा कुणाचा तरी भाचा असेलच की."

बहीण ताडकन उठली आणि आत गेली. त्या संध्याकाळी चहा मामांनी स्वतःच केला.

मामांनी मनात आणलं असतं तर नव्या कागदावर बरोबर काड्या मांडून दिल्या असत्या आणि झाकली मूठ राहिली असती. पण तीन वर्षं दोन हजार माणसांनी एका पोराला शिव्या घातल्या होत्या, त्या मामांच्या वहीच्या भरवशावर. मंजूर नकाशावर खोडरबर चालवत नाहीत. चुकलेली रेघ दिसेल अशी लाल शाईनं तोडायची, खरी रेघ काढायची आणि शेजारी आपली सही करायची, म्हणजे कुणाचा हात चुकला ते कायमचं कळतं. मामांनी मूळ वहीच पुढे ओढली. दोन दिवसांत त्यांनी एकशे तीस वेळा सही केली.

शनिवारी बाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. मामा समोर बसून होते.

"या लाल सह्या कुणाच्या?"

"ज्यानं चूक केली त्याच्या. माझ्या."

"कर्णधार तुमचा कोण लागतो?"

"भाचा. मीच वाढवलाय."

बाईंनी वही मिटली. त्यांनी शाबासकी दिली नाही, समजूतही काढली नाही, आणि मामांना त्याचं बरंच वाटलं. "तुमच्या लोकांना हे मी सांगू, की तुम्ही सांगाल?" एवढंच त्यांनी विचारलं.

"मी सांगतो," मामा म्हणाले, आणि तसेच केमिस्टच्या दुकानात गेले. केमिस्टनं सगळं ऐकून घेतलं. आता हा आपल्याला फाडून खाणार म्हणून मामा तयारीत होते. तो नुसता काउंटरवरच्या बाटल्या सारख्या करत राहिला. मग म्हणाला, "मामा, काय काय बोललो हो आपण त्या पोराला."

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला भाचा आला. तो दोन गल्ल्या पलीकडे बायको-मुलींबरोबर राहायचा. चप्पल काढून तो नेहमीच्या बुटक्या खुर्चीत बसला आणि त्यानं पाय लांब केले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"बांबूला ठेवलं," तो म्हणाला. "मला बाईंनी वही दाखवली."

मामांनी तीन दिवस वाक्य जुळवून ठेवलं होतं. आयत्या वेळी त्यातलं निम्मंच निघालं. "पोरा, मी तुझं नुकसान केलं."

"केलंस," भाचा म्हणाला. "पण ते शनिवारी नाही केलंस."

मामांना कळेना.

"तीन वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, आत्ता थांबलास तर गुडघे शाबूत राहतील. मी थांबणार होतो, मामा. आईलाही बोललो नव्हतो. त्या दिवशी इथे आलो, तू बाजारात गेला होतास. म्हटलं, आपला खेळ खरंच संपलाय का ते एकदा बघावं. तुझी वही उघडली. माझ्या नावावर सगळ्यात कमी काड्या. मला वाटलं, नुसतं दुखतंय, खेळ आहे अजून. प्रशिक्षक म्हणायचे बस, पाय म्हणायचा बस. मी म्हणायचो, मामाची वही बघा. दर वर्षी येऊन बघत होतो. आता दोन्ही गुडघे बदलावे लागणार."

त्याच्या आवाजात राग असता तर मामांना सोसला असता. दारात बहिणीनं तोंडाला पदर लावला. मामा उभेच होते. आयुष्यभर त्यांनी जे काही नीट केलं होतं, त्यातलं एकही या पोरासमोर पुढे करावं असं त्यांना आठवेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"मला वाटलं, मी तुला सांभाळतोय," ते म्हणाले.

"माहीत आहे रे," भाचा म्हणाला. त्यानं घड्याळ बघितलं. "बांबूचा सराव बारा वाजता सुटतो. त्याला भेटायला जायचंय मला. तीन वर्षं माझ्या वाट्याचं ऐकून घेतलं त्यानं. तूही चल."

"त्याला काय सांगू मी?"

"ते वाटेत ठरवू. आधी मला उठव. या खुर्चीतून मला उठता येत नाही."

मामांनी दोन्ही हात पुढे केले. भाच्यानं ते घट्ट धरले आणि उठताना आपला सगळा भार त्यांच्यावर टाकला. एवढा भार असेल याची मामांना कल्पना नव्हती.