समासातला अंगठा

मायक्रोफिल्मच्या खोलीत आंबट वास कोंडला होता. वर्तमानपत्रांच्या पानांचे बारीक फोटो साठवलेल्या जुन्या फिती खराब व्हायला लागल्या की असाच वास सुटतो. सगळी जुनी वर्तमानपत्रं आता कॉम्प्युटरवर आली होती, रिळं उद्या निकालात निघणार होती, आणि ग्रंथपालबाई एकदाची ब्याद टळली म्हणत खोकी बांधत होत्या. तेवढ्यात एक आजी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुठल्या तारखेचा अंक हवाय, आजी?"

"कुठलाही चालेल. आमच्या यांचा अंगठा दिसतो ना, तसलं पान हवंय."

बाईंच्या हातातली सुतळी हातातच राहिली. तो अंगठा त्या चांगला ओळखत होत्या. पूर्वी इथे पानांचे फोटो काढणारा कॅमेरावाला वळणारं पान अंगठ्यानं दाबून धरायचा आणि हात वेळेवर मागे घ्यायला विसरायचा. ऑफिसात त्याला सगळे 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे. कॉम्प्युटरवर चढवताना बाईंनी ते सगळे अंगठे समासासकट छाटून टाकले होते, तेही त्याच्या नावानं बोटं मोडत.

"घरी फोटो असतील की त्यांचे," बाई चाचरत म्हणाल्या.

"चेहऱ्याचे आहेत गं. इथले साहेब त्या अंगठ्यावरून इतकं टोचून बोलायचे, की फोटो म्हटला की हे हात पाठीमागे लपवायचे. हे गेल्यापासून चेहरा रोज बघते. हातच आठवेनासा झालाय."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जास्त कधी चुकायचे ते?"

"आमची मुलगी झाली तेव्हा. रात्रभर तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या, आणि दिवसा इथे डुलक्या."

प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला फोटो कधी काढले त्याची पाटी असते. मुलीच्या जन्माचा महिना विचारून बाईंनी बांधलेली खोकी पुन्हा सोडली. त्या महिन्याची दोनच रिळं निघाली. एक हात लावताच तुकडे होऊन पडलं. दुसरं त्यांनी जीव मुठीत धरून यंत्रावर चढवलं. पानामागून पान स्वच्छ निघत होतं, आणि बाईंना जन्मात पहिल्यांदा कुणाच्या नीटनेटक्या कामाचा राग आला.

ते जुनं यंत्र चित्र खाली पांढऱ्या फळीवर पाडायचं. बाजारभाव सरकले, निधनवार्ता सरकल्या, आणि एका पानाच्या कडेला तो आला, चांगला वाटीएवढा.

आजींनी फळीवर हात ठेवला. अंगठा त्यांच्या सुरकुतलेल्या हातावर येऊन टेकला. एका जागी दिवा फार वेळ ठेवला तर फीत करपते, म्हणून तसं करायचं नाही असा खोलीचा नियम होता. बाईंनी दिवा चालूच ठेवला आणि पदरानं डोळे पुसले.

आजी फळीवर आणखी वाकल्या. मग निरखून बघत हलकेच रागावल्या, "अहो, नख केवढं वाढवलंय! पोरीला लागेल ना."