आडवे बोंबील

फरहाचं डोकं फिरलं होतं, आणि ते फिरवायला तिच्या गटाचा म्होरक्या इंद्रजीत एकटा पुरेसा होता. नवीन पनवेलच्या त्यांच्या कॉलेजात आज 'समाजासाठी उद्योग' स्पर्धा, आणि या महाशयांना सकाळपासून चिंता कसली, तर टी-शर्टवरचा लोगो डावीकडे हवा की उजवीकडे! ज्या पेटीसाठी हा सगळा घाट घातला होता, ती उन्हावर मासळी सुकवणारी पेटी उघडून बघायला कुणाला सवड नव्हती.

आत मनिषामावशींचे टोपलीभर बोंबील होते. मावशी करंजा बंदरावरून ओली मासळी आणायच्या, कोळीवाड्यात सुकवायच्या आणि इथल्या सेक्टरांमधून दारोदार विकायच्या. फरहाच्या अम्मीची जुनी ओळख, म्हणून तर त्यांनी एवढा माल दिला. "एक बोंबील वाया जाणार नाही," असा शब्द फरहानं दिला होता.

पेटीतले ट्रे बघून मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाय, बोंबील झोपवून सुकत नाय. जबड्यात जबडा अडकवायचा आन् जोडीनं दोरीवर टांगायचा. वारा लागाया पायजे."

इंद्रजीतनं ते पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'युजर फीडबॅक' म्हणून भिंतीवर चिकटवलं आणि त्याचा फोटो प्रेझेंटेशनमध्ये टाकला. ट्रे आडवेच राहिले. फरहा दोनदा बोलली आणि मग गप्प बसली. तिला स्वतःचाही राग येत होता तो याचाच.

परीक्षकबाईंनी झाकण उघडलं आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. घाण वास मांडवभर पसरला. बोंबील ट्रेला चिकटून लिबलिबीत झाले होते.

"हा ट्रॅडिशनल अरोमा आहे, मॅम," इंद्रजीत म्हणाला.

आता मात्र हद्द झाली. फरहानं त्याच्या हातातला माईक ओढून घेतला. "अरोमा कसला डोंबलाचा! मनिषामावशींचे बोंबील कुजलेत. त्यांनी आधीच सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही."

टाळ्या पडल्या. परीक्षकबाईंनी तर प्रामाणिकपणाचं खास बक्षीसच जाहीर करून टाकलं. फरहाला कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं.

मांडवाच्या कडेला मावशी आपली पाटी घेऊन बसल्या होत्या. पाटीतला माल घरी दोरीवर सुकवलेला, खडखडीत. सेक्टरातल्या चार बायका त्यातले बोंबील निवडत होत्या. त्यांनी हातातले बोंबील परत पाटीत टाकले, एकमेकींकडे बघितलं आणि नाकाला रुमाल लावून निघून गेल्या.

फरहा धावत आली. "मावशी, सॉरी. पण मी खरं तेच सांगितलं ना?"

"माल गेला त्याचा नाय गो वाईट वाटला," मावशी पाटीवर फडकं बांधत म्हणाल्या. "माजा नाव घेऊन कुजले बोललीस. हीच माजी गिऱ्हाइकं. आता उद्या कोनाच्या दारात हाक मारू?"

स्टेजवरून फरहाचं नाव पुकारलं जात होतं. भरली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, हात लावायला दुसरं माणूस लागतं. फरहानं वाकून पाटीला हात घातला.

मावशींनी तो बाजूला केला आणि गेटवरच्या वॉचमनला हाक मारली.