तोंड काळं करणारा माणूस

माझे वडील पोटासाठी तोंड काळं करायचे. हे मी रागाने सांगत नाही, त्यांचा धंदाच तो होता.

जळक्या बुचाची पूड खोबरेल तेलात कालवायची आणि कपाळापासून गळ्यापर्यंत चोपडायची. ओठांभोवती पांढरा रंग, डोक्याला लाल मुंडासं, हातात भाला, की झाला जंजिऱ्याचा हबशी पहारेकरी तयार. बाबांच्या 'नवरंग करमणूक पार्टी'त जादूगार होता, तोंडाने सतार वाजवणारा होता, सायकलवर उलटं बसून गाणी म्हणणारी दोन भावंडं होती. पण शेवटचा नंबर कायम बाबांचा. किल्ल्यावर एकटाच पहारा देणारा, आपल्याच सावलीला घाबरणारा हबशी. गणपतीत, जत्रेत, गिरणीच्या वार्षिक समारंभात, कोकणापासून नागपूरपर्यंत लोक पोट धरून हसायचे. जाहिरातीत मात्र बाबांचं नेहेम्या नवगावकर हे नाव कधी आलं नाही. नुसतं 'हबशी' असायचं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. बाबा तोंड उघडायला शिकले ते त्यांच्या काकांच्या कीर्तनात. आमच्याकडे मोशेची, योसेफाची कीर्तनं मराठीत व्हायची आणि बाबा पेटीवर साथ करायचे. योसेफाला भाऊ खड्ड्यात टाकतात तिथे एकदा बाबांनी खड्ड्यातून आवाज काढला आणि बायका रडायचं सोडून हसल्या. काकांनी हाकलून दिलं. पार्टीवाल्याने बोलावून घेतलं. गिरणीतली कारकुनी बाबांनी त्याच महिन्यात सोडली.

आईला हे कधीच आवडलं नाही. ती प्रयोगाला एकदाही गेली नाही. बाबा सोंगाची पेटी उचलून निघाले की दारात उभी राहून विचारायची, "निघालात का तोंड काळं करायला?" बाबा चपला घालता घालता म्हणायचे, "निघालो. तू तेल काढून ठेव." परत आल्यावर ती खोबरेल तेल आणि कापूस घेऊन त्यांचं तोंड पुसायची. पुसताना अखंड बोलायची. आणि दर वेळी शेवटी, "कान राहिले!"

मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा तोंड काळं करतात. दुसरीत मृणालिनीबाईंनी वर्गात विचारलं, "तुझे वडील काय करतात गं?" मी उभी राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "तोंड काळं करतात." बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "घरात काही त्रास असेल तर सांगा हो." आई घरी येऊन बाबांवर जी तापली, ती पुढच्या पास्काच्या सणापर्यंत तापलेलीच होती.

आई गेली आणि मी बाबांना इकडे टोरोंटोजवळच्या वॉनला घेऊन आले. मी एका वेअरहाउसमध्ये डिस्पॅचला आहे. माझी मुलगी मिका टोरोंटोत राहते, शाळेत शिकवते आणि दर शुक्रवारी जेवायला येते. बाबा खालच्या बेसमेंटमध्ये असतात. पार्टी बंद पडून वर्षं झाली, पण बाबांची तक्रार नव्हती. कधी कधी वॉशरूममधून भाल्याने दार ठोकल्याचा आवाज यायचा. मी विचारत नसे.

गेल्या ऑक्टोबरात मलिद्यासाठी जाडे पोहे आणायला आम्ही ब्रॅम्पटनच्या ग्रोसरीत गेलो. एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करतो आम्ही, त्याला जाडेच पोहे लागतात. शेल्फपाशी एक गृहस्थ बायकोला फोनवर विचारत होता, "अगं, जाडे की पातळ? दोन्हीवर पोहाच लिहिलंय!" बाबांना हसू आलं. साधं हसू नाही, ते हबशाचं. खोल विहिरीत बादली आपटत जावी तसं.

गृहस्थाच्या हातातला फोन तसाच राहिला.

"काका," तो म्हणाला, "हे हसू मी ऐकलंय. नागपूरला, गणपतीत, माझ्या बाबांच्या खांद्यावर बसून. तुम्ही ते हबशी तर नाही?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी बाबांना रस्त्यावर ओळखलं होतं. पेणला तर एकदा तोंड धुऊन चहा प्यायला बाहेर गेले होते आणि परतताना दारवानाने त्यांना त्यांच्याच प्रयोगाचं तिकीट मागितलं होतं. आता ऐंशीव्या वर्षी, पोह्यांच्या शेल्फसमोर, बाबा लाजले. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

तो देवदत्त. तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. त्याने तिथेच ठरवून टाकलं, "दिवाळीच्या प्रोग्रॅमला तुमचा हबशी पायजेच, काका. हायस्कूलचं ऑडिटोरियम बुक केलंय. व्हिडिओ पण काढू."

बाबांनी मला विचारलंसुद्धा नाही. "येतो," म्हणाले.

घरी येताना गाडीत ते पेटीतल्या मुंडाशाचा रंग उडाला असेल का, बूच कुठे मिळेल, याचीच चौकशी करत होते. मी रस्त्याकडे बघत होते. मला दिसत होतं पुढे काय होणार आहे. आणि मला हेही दिसत होतं की हा माणूस इतक्या वर्षांत इतका जिवंत नव्हता. त्याला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी ते काम शुक्रवारवर ढकललं, म्हणजे मिकावर.

मिकाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "आजोबा, नो. यू कान्ट. दॅट्स ब्लॅकफेस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काळ्या लोकांची टिंगल," मी म्हणाले.

"टिंगल कुठली? सोंग आहे ते. माझ्या मनात काही वाईट नव्हतं."

"इट डझंट मॅटर, आजोबा. माझ्या क्लासमध्ये अर्धी मुलं ब्लॅक आहेत. डिड एनी हबशी एव्हर सी इट? कोणी बघितलं का, त्यांच्यातलं?"

मी मिकाला डोळ्यांनी दटावलं, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"याकूत," बाबा म्हणाले. "मुरूडचा. किल्ल्यावर होडी न्यायचा. त्याची चाल मी उचलली होती. हे हसूसुद्धा त्याचंच. मुरूडला प्रयोग झाला तेव्हा तो पहिल्या रांगेत बसला होता."

"डिड ही लाफ?"

"नाही." बाबांनी पाण्याचा पेला उगाच फिरवला. "दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ला बघायला त्याच्याच होडीतून गेलो. चांगला माणूस. मध्यावर आल्यावर त्याने एवढंच विचारलं, 'काल लोक कोणाला हसले? तुला का मला?'"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"वारा फार होता," बाबा म्हणाले आणि उठून खाली गेले.

मिका रडकुंडीला आली. "आय वॉज मीन, ना?" मी म्हटलं, "नाही गं. तू बरोबरच विचारलंस." पण मला तिचा थोडा रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगितलं, काळं लावायचं नाही, आणि जायचंही नाही. मी देवदत्तला फोन केला. तो बिचारा कमिटीला विचारून परत फोनवर आला, "मेबलताई, थोडं कमी काळं चालेल का? म्हणजे ब्राऊन?"

मिका बाजूला होती. "ही इज ऑलरेडी ब्राऊन," ती म्हणाली.

देवदत्त हसला आणि मग मनापासून म्हणाला, "ताई, काळं नको, भाला नको, काही नको. काकांनी नुसतं यावं. हबशी नसला तरी चालेल."

हे मी बाबांना सांगितलं तर ते आणखीच खचले. बेसमेंटच्या पलंगावर बसून मोज्याचं टोक ओढत म्हणाले, "तुला कळत नाही, मेबल. मी माझ्या तोंडाने स्टेजवर कधी उभाच राहिलो नाही. काळं लावलं की मी नसायचो. मग कशाची भीती? हे तोंड घेऊन गेलो तर तिथे कोण असेल?"

त्यांना भीती वाटत होती. माझ्या वडिलांना, ज्यांनी दगडफेक झालेल्या मंडपात नंबर पुरा केला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी चिडले. "मग बसा इथेच," म्हटलं, "आणि वॉशरूमची दारं ठोका."

ते बसले. पण एक दिवस मी कामावरून आले तर खाली बोलणं ऐकू आलं. बाबा एकटेच होते. मी जिन्यावर थांबले तसं ते बोलणंही थांबलं. जेवताना म्हणाले, "देवदत्तला सांग, येतो. काय करणार ते विचारू नकोस."

रविवारी दुपारी बर्फ भुरभुरत होतं आणि माझे विंटर टायर्स लावायचे राहिले होते, त्यामुळे मी सगळा रस्ता बैलगाडीच्या वेगाने आले. बाबा मागे बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, बस. मुंडासं नाही, पेटी नाही.

ऑडिटोरियम भरलेलं होतं. लहान मुलांचा नाच झाला, एका बँकेतल्या बाईंनी लावणी केली, मग देवदत्त माइकपाशी आला. नागपूर, खांदा, पोहे, सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, "श्री. नेहेम्या नवगावकर!" पूर्ण नाव. पहिल्यांदाच.

बाबा चालत मधोमध आले आणि उभे राहिले.

उभेच राहिले. टाळ्या थांबल्या. बाबांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. इतकी वर्षं एका हातात भाला होता. कोणीतरी खोकलं. मागे एक मूल मोठ्याने म्हणालं, "मॉम, इज ही ओके?" मिकाने माझं मनगट धरलं. बाबांनी विंगकडे पाहिलं, आणि मला कळलं की हा माणूस आता आत जाणार, आणि एकदा आत गेला की परत कधी बाहेर येणार नाही.

मी उभी राहिले. ठरवलं वगैरे काही नव्हतं. तोंडातून आईचा आवाज आला, अगदी तिची ती कातावलेली पट्टी.

"अहो, निघालात का तोंड काळं करायला?"

लोक माझ्याकडे वळले. कोणी हसलं, कोणाला वाटलं भांडण आहे. बाबांनी मान वर केली.

"निघालो!" ते म्हणाले. "तू तेल काढून ठेव."

आणि ते आई झाले.

काही लावलं नाही, काही नेसलं नाही. एक हात कमरेवर गेला, खांदा जरा वर, आणि हायस्कूलच्या स्टेजवर माझी आई उभी होती. समोरच्या न दिसणाऱ्या खुर्चीवर न दिसणाऱ्या नवऱ्याला तिने दाबून बसवलं आणि कापसाचा बोळा तेलात बुडवला. "हलू नका. हलू नका म्हटलं ना! लोकांचे नवरे घरी येताना भाजी आणतात, हे काजळी आणतात. उशीचे अभ्रे कोण धुणार, नवरंग पार्टी? उद्या शब्बाथ. सिनेगॉगमध्ये तोंड नेहेम्याचं आणि कान कोळशाच्या वखारीचे! तुमच्या मुलीने शाळेत काय सांगितलं ठाऊक आहे? तोंड काळं करतात म्हणाली, अख्ख्या वर्गात! बाई मला विचारतात, घरी त्रास आहे का. मी म्हटलं, आहे. पण पुसला की जातो."

लोक हसायला लागले ते थांबेनात. देवदत्तची बायको पदराने डोळे पुसत होती. बोळा फेकला, नवा घेतला, नवऱ्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं, आणि मग आई अचानक गप्प झाली. त्या न दिसणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. गालावरून एकदा हात फिरवला. हळू म्हणाली, "हां. आला माझा माणूस." आणि लगेच कडाडली, "कान राहिले!"

त्या टाळ्या मी ऐकल्या नाहीत. मी रडत होते. आई असं काही म्हणायची हे मला माहीत नव्हतं. मी झोपल्यावर म्हणत असेल. किंवा कधीच म्हणाली नसेल आणि बाबांना ते हवं असेल.

घरी आल्यावर बाबा कोट न काढता स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि सवयीने डोळे मिटून म्हणाले, "तेल काढलंस का?"

लावलेलं काही नव्हतं, पण मी वाद घातला नाही. खोबरेल गोठून दगड झालं होतं, ते वाटीत कोमट केलं. कापूस घेऊन कपाळापासून सुरुवात केली. कपाळ, भुवया, गाल, गळा. बोळा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी डोळे उघडून पाहिलं. पांढराशुभ्र होता.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ते बोळ्याकडे बघत राहिले. "मग मेबल, आज लोक कोणाला हसले?"

"तुम्हाला, बाबा. आणि आईला."

बाबांनी मान वळवून कान माझ्यापुढे केला.