लाखेची कडी

"तुटली! साखळी तुटली!" आनेकलजवळच्या मठात गर्दी एका सुरात ओरडली. १९९४ सालच्या एका अमावास्येची ती दुपार. खांबाला बांधलेल्या बाईच्या पायातली साखळी आमच्या डोळ्यांदेखत खळकन गळून पडली होती. साखळी तुटली म्हणजे भूत गेलं आणि वेड बरं झालं, असं तिथल्या स्वामींनी सगळ्यांना पटवलेलं होतं.

मी बेंगळुरूच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझे शेजारी खंडोजीअण्णा यांची थोरली मुलगी अनुसूया त्याच मठात महिनोन् महिने बांधलेली होती. कानात कुणीतरी बोलतं म्हणायची, जेवण टाकायची, एकाएकी रस्त्यावर धावत सुटायची. शहरात इस्पितळ आहे, औषध मिळतं, हे सांगून माझं तोंड दुखलं होतं. "आधी साखळी तुटू दे अक्का, मग बघू," हे अण्णांचं ठरलेलं उत्तर. म्हणून मी अण्णांबरोबर त्या साखळीचाच सोक्षमोक्ष लावायला गेले होते.

स्वामींची बडबड मात्र ऐकण्यासारखी! "ए भूता, भाडं न देता राहतोस? जागा खाली कर! स्वल्प ऊब देऊ का?" असं म्हणत ते कापराची आरती ओवाळायचे आणि पायातल्या कडीपाशी येऊन थांबायचे. चांगले थांबायचे. भुताला थंडी फार वाजत असावी. मग ओरडायचे, "ओढ!"

लोक पाया पडण्यात गुंतले तेव्हा मी ती गळालेली कडी उचलली. बोटाला काळं, चिकट काहीतरी लागलं. वास ओळखीचा होता. पार्सलावर लावतात ती लाख! कडी आधीच करवतीनं कापलेली आणि फट काळ्या लाखेनं बुजवलेली. कापराच्या आचेनं लाख मऊ व्हायची, हिसका दिला की कडी उघडायची.

मी कडी उंच धरून सगळ्यांना दाखवली. "स्वामी, चमत्कार असेल तर अनुसूयेच्या पायातली न कापलेली लोखंडी साखळी तोडा!" स्वामी "कलियुग, कलियुग" पुटपुटत आत गेले. माणसं खाली मान घालून पांगली. मला वाटलं, जिंकले.

खंडोजीअण्णांना शोधत मागच्या दाराशी गेले, तर ते स्वामींपुढे हात जोडून उभे. "स्वामी, आमच्या पोरीलाही तसलीच घाला. चारचौघांत एकदा तुटली की झालं. धाकटीचं जमवायचंय."

"अहो अण्णा, आत्ताच तर बघितलंत!"

"सरी, बरोबर आहे अक्का, मला कळलं. देवनहळ्ळीच्या सोयऱ्यांना कुठं कळलंय?"

पुढच्या अमावास्येला मठात नवी गर्दी होती. अनुसूयेची साखळी तुटली, सोयऱ्यांनी हात जोडले, धाकट्या रक्षिताचं लग्न ठरलं. मी पुन्हा इस्पितळाचं नाव काढलं तर अण्णा भडकले. "बरी झालेली पोर वेड्यांच्या इस्पितळात नेऊ? लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

आता ती घराच्या मागच्या खोलीत असते. परवा मला खिडकीतून म्हणाली, "मावशी, मी बरी झाले ना? मग पायात ही साखळी का?" घरी येऊन मी रडले.

लबाडी उघडी पाडली की माणसं शहाणी होतात, असं मी इतकी वर्षं समजत होते. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला आजार आहे म्हणा आणि चारचौघांच्या देखत डॉक्टरकडे न्या. अनुसूयेला आता कुणी नेणार नाही. लोकांच्या लेखी ती बरी झाली आहे.