कापसातली हवा

बाभळीच्या काट्यानं उत्तरपत्रिकेला टोचलेला, लिंबाएवढा कापसाचा पुंजका... आणि शेजारी हेडमास्तर बंडोपंतांची लाल रेघ – कागद फाटेल अशी ओढलेली, प्रमोदिनीनं दिलेल्या दोन गुणांवरून आडवी.

सहावीचं शास्त्र. 'स्थायू पदार्थ दाबून त्याचे आकारमान कमी करता येत नाही – चूक की बरोबर?' सुलोचनानं लिहिलं होतं: चूक. माझी माय सरकी काढायच्या जिनात कामाला आहे. खोलीभर कापूस प्रेसमध्ये दाबला की एवढीशी गाठ होते. सोबत नमुना जोडला आहे.

नमुना जोडला आहे! हे वाचून प्रमोदिनी एकटीच हसली होती, आणि हसत हसतच तिनं दोन्ही गुण देऊन टाकले होते. तेहतीसचे पस्तीस झाले, पोरगी पास. मग पत्रिका बंडोपंतांकडे गेली.

"बाई, पुस्तकात काय आहे?"

"सर, पण तिनं स्वतः पाहिलंय..."

"उद्या कोणी तुपाचा गोळा चिकटवून आणेल. त्यालाही गुण?" सगळी स्टाफरूम हसली. "लाड घरच्या लेकराचे करावे, बाई."

आता दुपारी, सिंदीतल्या दोन खोल्यांत, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून ती निकालपत्रकापुढे बसली होती, आणि तेव्हा न सुचलेली उत्तरं एकेक करून सुचत होती – उशिरा, म्हणून जास्तच तिखट. निकाल उद्या. येताना शाळेच्या फाटकाशी सुलोचनाची माय, शकुबाई, केसांत कापसाचे तंतू घेऊन उभी होती: "बाई, तिचा बाप म्हणते, पास झाली तं शाळा, नाई तं चाल मायसंगं जिनात. पाहजा जी जरा."

खुर्चीतल्या त्या माणसानं जिन आतून पाहिलंय कधी? दाबली जाते ती हवा, सर! धाग्यांमधली हवा निघून जाते, धागा तेवढाच राहतो. पुस्तक बरोबर, आणि पोरीनं पाहिलं तेही खरं. एवढं कुणीतरी सांगायला नको होतं तिला?

कुणीतरी...

दोरी थांबली. जानेवारीतला तो तास – मागच्या बाकावरून वर आलेला हात, "बाई, मंग कापूस काऊन दाबला जाते?" – घंटेला पाच मिनिटं, दूध भरून छाती ठणकत होती, पदराखाली ब्लाऊज ओला, घरी बाळ रडत असेल, शेजारच्या आनंदाबाई कंटाळल्या असतील... मी काय म्हटलं? "पुस्तकात आहे तेच लिही. बस खाली."

अस्सल बंडोपंतांचा सूर. पोरगी बसली, तीन महिने थांबली, आणि तोच प्रश्न पुराव्यासकट परत पाठवला – मी हसले, दोन गुण दिले, मोकळी झाले.

बाळ कुसमुसलं. तिनं त्याला पदराखाली घेतलं, दुसऱ्या हातात पेन तसंच. पत्रकात सुलोचनापुढची चौकट रिकामी. पस्तीस लिहिलं असतं तिनं, बंडोपंतांच्या नाकावर टिच्चून लिहिलं असतं... त्यासाठी मघाचा तो राग हवा होता, सरळ एका माणसावरचा, किती सोयीचा! तो येईना. आला तो दुसराच, आणि तो काढायला बाहेर कुणी नव्हतं. बाळ संथ पीत राहिलं. उद्या पास म्हणा, नापास म्हणा, बारा वर्षांची ती मुलगी समोर उभी राहून आपल्याकडे बघणार – आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रमोदिनीला एका विद्यार्थिनीची भीती वाटली.