जिन्यातल्या दिव्याची खुंटी

मित्रांनो, तुम्ही मला नावाने ओळखत नसाल, पण कधी ना कधी माझा कान नक्की पिळला असेल. रेडिओचा आवाज लहानमोठा करणाऱ्या बटणामागे जो बसलेला असतो, तो माझाच भाऊबंद. आम्हाला व्हेरिएबल रेझिस्टर म्हणतात. दुकानात नुसते ‘पॉट’. मी आहे बाटलीच्या झाकणाएवढा. माझ्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचा काळा कार्बनचा पट्टा आहे आणि त्यावरून सरकणारी धातूची जीभ. बाहेरचा दांडा फिरवला की जीभ सरकते आणि विजेची वाट लांब किंवा आखूड होते.

कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मलो. माझे भाग्य असे, की मला बाबांनी उचलले.

बाबा टाइपरायटर दुरुस्त करीत. संध्याकाळी मात्र ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोल्डरिंगचा उद्योग मांडत. त्यांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. जिन्याला एकही खिडकी नव्हती. भर दुपारीही तिथे डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नसे. म्हणून त्यांनी दिव्यासाठी टायमर बनवला. खालचे बटण दाबले की दिवा लागे, आणि कपॅसिटर नावाचा माझा शेजारी विजेने हळूहळू भरू लागे. तो पुरेसा भरला की दिवा विझे. कपॅसिटर म्हणजे घागर आणि मी म्हणजे तिच्यावरचा नळ. मी जितकी अडवणूक करीन, तितकी घागर सावकाश भरणार आणि दिवा जास्त वेळ जळणार.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. बाबांच्या सात वर्षांच्या मुलीने मला फिरवत फिरवत पार शून्यावर नेले. माझी अडवणूक संपली, वीज मोकाट सुटली, टायमरची चिप आणि माझ्या पट्ट्याचे टोक जळले आणि टायमरच्या डब्यातून धूर निघाला. पोरगी रडायला लागली.

“मी मोडलं, बाबा!”

“छे गं. चूक माझी आहे,” बाबा म्हणाले. “शून्याच्या आधी एक छोटा रेझिस्टर लावायचा असतो. कुणी कितीही पिळलं, तरी थोडी अडवणूक उरली पाहिजे. मी विसरलो.”

“अहो, आधी खिडकी उघडा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “चुका मग वाटून घ्या.”

बाबांनी जळकी चिप बदलली, छोटा रेझिस्टर जोडला. मला मात्र ठेवले. टोकाचा तो डाग अजून माझ्या अंगावर आहे.

मग मी खाली मीटरच्या फळीशेजारी डब्यात बसलो. माझ्या दांड्यावर बसवलेल्या खुंटीभोवती बाबांनी पेन्सिलीने पहिली खूण केली : पंचेचाळीस सेकंद. पुढची कित्येक वर्षे मी तिथून हललो नाही. बिऱ्हाडकरू म्हणत, “दिवा काय शहाणा आहे हो!” मला आतून गुदगुल्या होत.

मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी परगावी गेली. एक दिवस बाबांनी मला किंचित पुढे सरकवले आणि खूण केली. एक मिनिट. शेजाऱ्यांनी विचारले, तर म्हणाले, “आमच्या हिचे गुडघे.” काही महिन्यांनी आणखी एक खूण. मग आणखी एक.

“सगळ्या बिल्डिंगीत माझे गुडघे गाजवलेत तुम्ही!” आई म्हणत, आणि पिशवी घेऊन वर जात. बाबा खालीच थांबत. “तू हो पुढे, मला जरा मीटर बघायचाय.” मुलगी सुट्टीला आली की दोन दोन पायऱ्या चढत जाई. तिलाही तेच : “तू हो पुढे.”

मीटर त्यांनी कधीच बघितला नाही. ते भिंतीला हात टेकून श्वास जमवत. मग बटण दाबत आणि निघत. दर वळणावर थांबत. वरच्या दाराची कडी वाजेपर्यंत दिवा टिकवणे माझ्या हाती होते. तेवढे मी केले. सांगणे माझ्या हाती नव्हते.

शेवटची खूण माझ्या दुसऱ्या टोकाशी आहे. एक मिनिट पन्नास सेकंद. त्यापुढे माझ्याजवळ वेळच उरला नव्हता. नंतर एका सकाळी बाबांना खुर्चीत बसवून खाली आणले आणि दवाखान्यात नेले. ते परत आले नाहीत.

वर्षभर मला कुणी हात लावला नाही. माझ्या जिभेखाली धूळ साचली, वीज पुढे जाईना, घागर भरेना. दिवा चार दिवस अखंड जळाला आणि बल्ब गेला. आई अंधारात कठडा चाचपत चढू लागल्या. हे कळल्यावर मुलगी इलेक्ट्रिशियनला घेऊन आली.

“हा डबा काढून टाकू, ताई. सेन्सर लावतो, कटकट मिटली,” तो म्हणाला.

तिने डब्यावरची धूळ पुसली आणि तिला पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. प्रत्येकीखाली बारीक अक्षरात तारीख. “थांबा जरा,” ती म्हणाली.

तिने माझ्या पोटात सफाईचा फवारा मारला आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा फिरवले. शून्यापाशी तिचा हात जरा अडखळला. मग नवा बल्ब लावून ती आईंना म्हणाली, “तू चढ. मी घड्याळ लावते.”

वरून कडी वाजली. “किती झाले?”

“पंचावन्न सेकंद.”

“बघ! आणि तुझे बाबा माझे गुडघे सांगत...”

वाक्य तिथेच राहिले. आई सावकाश खाली उतरल्या, चष्मा लावून एकेक तारीख वाचत गेल्या. शेवटच्या खुणेवर त्यांचे बोट थांबले.

“माझ्यासाठी नव्हतं हे.”

मुलीने खुंटी धरली. तिने विचारले, “एका मिनिटावर ठेवू?”

आईंनी स्वतःच मला शेवटच्या खुणेवर नेले. “राहू दे इथंच.”

आता आई वर पोहोचतात, दार लागते, आणि त्यानंतरही पाऊण मिनिटाच्या वर रिकाम्या जिन्यात दिवा जळत राहतो.

मित्रांनो, आम्हाला अधूनमधून टोकापासून टोकापर्यंत फिरवत जा. धूळ साचत नाही. आणि घरातले कुणी म्हणाले, दिवा जरा जास्त वेळ राहू दे, तर राहू द्या. पण एकदा त्यांच्याबरोबर, त्यांच्या पावलांनी, जिना चढून बघा.