पाटीचं दीड किलो

"छप्पन किलो सहाशे," काट्याजवळचे पंच म्हणाले. लाडकीच्या नावापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही, पेन नुसतं हवेत धरून ठेवलं.

किशोरी गटाची वजनमर्यादा पंचावन्न किलो. त्याच्यावर एक ग्रॅमही चालत नाही. जिल्ह्याची कबड्डीची निवड होती, कोळगावच्या बाजूला मैदान होतं, आमचा सामना दहाला होता आणि काटा साडेनऊला बंद होणार होता. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

लाडकी काट्यावरून उतरली आणि सरळ माझ्याकडे आली. बळवंत सरांकडे नाही, कॅप्टन हिनाकडे नाही. माझ्याकडे.

"हिमानी, तू तर चोपन तीनशे बोललीस."

बोलले होते. शुक्रवारी संध्याकाळी, आमच्या गावी दांडीला, आईच्या मासळीच्या काट्यावर मीच तिला उभं केलं होतं. वर ऐटीत सांगितलंही होतं, "सातशे ग्रॅम शिल्लक हाय. सकाळी पोटभर खाऊन ये." तिने माझं ऐकलं. मनोरच्या वरच्या पाड्यातली ही मुलगी, बोईसरला मामीकडे राहून शिकते, कोणाचं सहसा ऐकत नाही. पण सकाळी तीन भाकऱ्या, सुक्या बोंबलांची चटणी आणि वर तांब्याभर पाणी, सगळं माझ्या शब्दावर.

माझा शब्द एवढा भारी कधीपासून झाला, तेही सांगते. आमच्या शेजारची भाग्यश्रीताई विद्यापीठात क्रीडाविज्ञान शिकते. मे महिन्यात ती घरी आली तेव्हा अख्ख्या आळीने तिला विचारून घेतलं होतं, "खेळाचं पण सायन्स असतं काय गो? मग पुढं काय, शाळेत शिट्टी वाजवणार?" ताई हसायची. म्हणायची, शिट्टी वाजवता येते, पण आणखीही पुष्कळ करता येतं. कोणी संघाचे व्हिडिओ बघून कोण कुठे चुकतं ते काढतं. कोणी खेळाडूंचं खाणंपिणं ठरवतं. कोणी ताकदीचे व्यायाम बसवून देतं, तर कोणी दुखापतीनंतर माणसाला परत मैदानावर आणतं. "आणि मला," ताई म्हणाली होती, "घाम मोजायचाय."

खरंच घाम! तिच्या प्रकल्पासाठी सरावाच्या आधी आणि सरावानंतर मुलींचं वजन घ्यायचं होतं. जेवढं कमी झालं, तेवढा घाम गेला. ती परत गेल्यावर हे काम तिने माझ्यावर सोपवलं. सराव आमच्या घराजवळच व्हायचा, म्हणून काटा आईचाच वापरायचे. मी आमच्या संघातली राखीव, बारा जणींमधली बारावी. चढाईला गेले की सरळ स्वतःला पकडून देण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. पण वही हातात आल्यावर मी वेगळीच झाले. मुली विचारायला लागल्या, "हिमानी, माझा घाम किती?" आणि मला उत्तर देता यायचं. दहावीनंतर सायन्स आणि त्यानंतर ताईचाच कोर्स, हे मी ठरवूनही टाकलं होतं.

आणि आता हे.

मी वही उघडली. पंच एकेकीचं वजन सांगत होते आणि मी माझ्या आकड्याशी ताडत होते. हिना दीड किलोने जास्त. दीपिका पावणेदोन. मी स्वतः दीड. नाश्ता केलेल्यांचं जास्त निघत होतं, हे समजण्यासारखं होतं. पण दीडच्या खाली एकीचंही नव्हतं. रात्रभर उपाशी असलेल्या केतकीचंसुद्धा नाही.

दीड. दीड. दीड.

मग आमच्या अंगणातला काटा डोळ्यांपुढे आला. त्याच्या लोखंडी पट्टीच्या टोकाला नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेले शिशाचे तीन मणी. जाळ्याला लावतात ते. आई ओल्या पाटीसकट मासळी काट्यावर चढवते आणि पाटीचं दीड किलो ते मणी आपोआप वजा करतात. घेणाऱ्याला माहीत, देणाऱ्याला माहीत, आमच्या बंदरावर त्यात कोणाचं भांडण नाही. मी जन्मल्यापासून ते मणी बघते. इतके बघितलेत की ते मला दिसेनासेच झाले होते.

बंदरावरच्या मुलीनेच करावी अशी चूक मी केली होती. अख्ख्या संघातून मी पाटी वजा केली होती.

सरांना सांगताना माझा आवाज चिरकला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ठीक. आता रडायचं नाही. वजन उतरवू."

"कसं, सर?"

"आम्ही कुस्तीला उतरवायचो तसं. रेनकोट घालायचा आणि पळायचं. उरलं तर बंद गाडीत बसायचं. पाणी बंद."

लाडकी चप्पल काढूनच उभी होती. "द्या रेनकोट."

शौचाला जाऊन आल्यावर आणि जाड कपडे काढल्यावर काटा छप्पन तीनशेवर आला. एक किलो तीनशे उरले. आठ वीस. ऑक्टोबरचं ऊन तेवढ्या सकाळीच डोक्यावर टोचत होतं. हिनाने आपला निळा रेनकोट दिला आणि लाडकी मैदानाच्या कडेने धावायला लागली. मी तिच्या मागे.

धावता धावता ताईला फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला.

"ताई, ते मणी... मी पाटी..." काय बोलले देव जाणे. तिला मात्र कळलं.

"फरक तर बरोबर आलेत गो," ती पहिल्यांदा म्हणाली, "आधीही दीड कमी, नंतरही दीड कमी. घाम बरोबर आहे." मग तिलाच लाज वाटली असावी. "ते जाऊ दे. तिला ऊन लागतंय का बघ. घाम यायचा थांबला, अंगावर काटा आला किंवा बोलण्यात गडबड झाली, तर तिथेच थांबवायचं. वजनकाटा काय म्हणतो ते बघायचं नाही."

"सर ऐकणार नाहीत."

"मग तुझ्या वहीला विचार. तिच्या सरावाच्या नोंदी आहेत ना?"

होत्या. बारा सप्टेंबरला दुपारचा सराव झाला होता आणि लाडकीचा एक किलो तीनशे घाम गेला होता. अगदी तेवढाच, जेवढा आज घालवायचा होता. पुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: शेवटची वीस मिनिटं, चढाया सहा, पाच वेळा पकडली. पोटरीत गोळा. खाली बसली. एरवी दहा चढायांत तिला एकदा कोणी पकडलं तरी बोईसरमध्ये बातमी होते.

नऊ वाजता लाडकी पुन्हा काट्यावर चढली. पंचावन्न पाचशे.

"शाब्बास!" सर म्हणाले. "पाचशे राहिले. गाडीत बस."

आम्हाला आणलेली भाड्याची इको गाडी उन्हात उभी होती. काचा बंद केल्या. मी बळेच तिच्या शेजारी घुसले. आत गरम प्लॅस्टिकचा वास होता, श्वास घेतला की नाक भाजायचं. लाडकी रेनकोटात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिच्या हनुवटीवरून थेंब गळत होते. मी ते थेंब मोजत होते, दुसरं काही सुचत नव्हतं.

"तू कशाला बसलीस?" ती म्हणाली. "तुझं वजन कमी झालं तर उडून जाशील."

"सराव करते. पुढं नोकरी हीच हाय."

"गाडीत बसायची?"

"घाम मोजायची."

"ह्याचे पैसे देतात?" तिला हसू आलं, पण ते पुरं झालं नाही.

पाचव्या मिनिटाला थेंब कमी झाले. आठव्या मिनिटाला मी तिच्या मनगटाला हात लावला. कातडी कोरडी, तापलेली, आणि त्यावर बारीक काटा. त्या भट्टीत काटा!

"लाडकी, दम धर. कबड्डी बोल."

सरावात मी तिचा दम रोज मोजायची. एका श्वासात तीस सेकंद, वाईट दिवशी अठ्ठावीस. मी घड्याळ दाबलं. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." आवाज पातळ झाला, शब्द एकमेकांवर चढले, मग तुटला. अकरा सेकंद.

मी दार उघडलं.

बाहेरचं ऊन मला फ्रिजसारखं वाटलं. मी तिला ओढून झाडाखाली आणलं, रेनकोटाची चेन खाली खेचली. सर धावत आले.

"हिमानी, दार कोणी उघडायला सांगितलं? वीस मिनिटं आहेत अजून!"

"सर, तिचा घाम थांबलाय. तिला ऊन लागतंय."

"तुला काय कळतं? मी चौदा वर्षं..."

"सर, राखीव खेळाडूला बाकीच्यांची फार काळजी असते," मागून हिना म्हणाली. तिने ते हळू म्हटलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मला तोपर्यंत, खरंच सांगते, ते सुचलंही नव्हतं. चढाईसाठी राखीव मीच होते. लाडकी बाहेर गेली की तिच्या जागी मी. जिने वजन चुकीचं सांगितलं तीच, जिने दार उघडलं तीही तीच, आणि दहा वाजता जिच्या अंगावर लाडकीची जर्सी तीसुद्धा तीच. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. होऊ दे काय व्हायचं ते. निदान कोणी असं बोलणार तरी नाही.

सरांनी लाडकीला उठवून काट्यावर नेलं. पंचावन्न तीनशे.

"तीनशे! फक्त तीनशे ग्रॅम!" सर जवळजवळ ओरडले. "दहा मिनिटं गाडीत, झालं काम."

लाडकी काट्याच्या टेबलाला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. तिने सरांकडे बघितलं नाही.

"हिमानी. खरं सांग. हे तीनशे गेले तर मी खेळेन?"

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. हिना तर डोळे बारीक करून. मला वही उघडायची गरज नव्हती, तरी उघडली, कारण माझ्या तोंडावर कोणी विश्वास ठेवावा असं त्या सकाळी माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी बारा सप्टेंबरचं पान तिच्यापुढे धरलं. प्रत्येक नोंदीखाली मी सही घ्यायची; इथेही तिचीच सही होती, वाकडी, कारण त्या दिवशी तिला पेनही धरवत नव्हतं.

"नाय," मी म्हटलं. "काट्यात बसशील. पण मॅटवर उभी राहणार नायस."

तिने ते पान वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग रेनकोट अंगातून काढला, घडी केली आणि हिनाच्या हातात दिला.

"पाणी द्या," ती म्हणाली.

सर टोपी काढून कपाळ पुसत राहिले, मग स्वतःच ओआरएसची बाटली आणायला गेले. पंचांनी लाडकीच्या नावावर रेघ मारली. तिच्याआधी मीच डोळे मिटले. पेनाचा आवाज मात्र आला.

दहा वाजता मी मॅटवर होते. लाडकीचाच सात नंबर, खांद्यावर सैल. पहिल्या चढाईला समोरच्या मुलींनी मला असं उचललं की जणू मी पाटीतली सुरमई. दुसऱ्यांदा एक गुण आणला. हिनाने पाठीवर थाप मारली आणि मधल्या सुट्टीत माझ्या हातात पाणी तिनेच दिलं. आम्ही सात गुणांनी हरलो. जिल्ह्याच्या संघात हिनाचं एकटीचं नाव लागलं.

मी बाहेर आले तेव्हा लाडकी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन झाडाखाली बसली होती, मांडीवर माझी वही. तिला राग असणार होता. ती रडलीही असणार होती, डोळे सुजलेले होते. मी समोर उभी राहिले. तिने वही माझ्याकडे सरकवली. मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: हिमानी. चढाया नऊ, पकडली सहा. पाय उशिरा उचलते. घाबरून डावीकडंच जाते.

"हे कोणी सांगितलं लिहायला?"

"पुढं नोकरी हीच हाय ना?" ती म्हणाली. मग टॉवेलाने तोंड पुसलं. मी शेजारी बसले. माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने आधीच विचारलं, "वरच्या गटाची निवड कधी?"

"डिसेंबर. पण तिथं कॉलेजच्या पोरी असतात. दांडगट."

"आणि वजन?"

"पासष्टपर्यंत चालतं."

"म्हणजे अजून भाकऱ्या खाता येतील." तिने नाक ओढलं. "सोमवारपासून माझा दम मोज."

सोमवारी शाळा सुटल्यावर ती दांडीला आली. आई वाळत घातलेले बोंबील उलटत होती. लाडकीने दप्तर खाली ठेवलं, चप्पल काढली आणि काट्यापाशी येऊन थांबली. पाय वर ठेवला नाही.

"आधी मणी काढ," ती म्हणाली.

मी दोरा सोडला. तीन मणी माझ्या तळहातावर आले, वाटले होते त्यापेक्षा जड.

"काय काढलंस गो तिकडं?" बोंबलांमागून आईचा आवाज आला. "माझं मणी हाय ते, बांधून ठेव नीट परत!"

"ठेवते गो आई," मी ओरडले आणि लाडकीला म्हटलं, "चढ."